जुनी माणसं दुरुस्त करून मिळतील

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो. मागाहून नाक मुरडण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. मी एक जुना टेम्पो आहे. चार चाकं, पुढे दोन माणसांना बसायला जागा, मागे पत्र्याचा बंद डबा, आणि डावा दिवा उजव्यापेक्षा जरा खाली बघतो. लोकांना वाटतं मी लाजतो. तसं काही नाही, एका खांबाला धडकलो होतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. त्या आठवड्यात माझे चौदा भाऊ माझ्यासोबत बाहेर पडले. एकाची रुग्णवाहिका झाली, एक टपालखात्यात लागला, एक फुलांच्या दुकानात गेला. माझ्या मनात रुग्णवाहिका होती. भोंगा वाजवत जावं, लोकांनी भराभर वाट द्यावी, असं स्वप्न मी रंग वाळेपर्यंत पाहिलं. मग एक जाडजूड गृहस्थ रबरी बूट घालून आले, त्यांनी माझ्या चाकाला लाथ मारली आणि मला मासळीबाजारात नेलं.

त्या मासेवाल्या काकांची मी अकरा वर्षं सेवा केली. माणूस फार प्रेमळ. मला ‘राजा’ म्हणायचे. रोज दुपारी मला आतून-बाहेरून धुवायचे, पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजाच्या पोटात पुन्हा बर्फ आणि मासळी. ती कुठे मुरते, हे धुणाऱ्याला दिसत नाही. ती पत्र्याच्या सांध्यांत मुरते, लाकडी फळ्यांत मुरते, शेवटी स्वभावात मुरते. काकांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि मला विकायला काढलं. गिऱ्हाइकं येत, मागचं दार उघडत आणि तसंच लावून घेत. तीन महिने असे गेले.

मग एके दिवशी एक सडपातळ माणूस आला. कोट त्याच्या मापापेक्षा दोन बोटं मोठा, एका खिशात जाडा शब्दकोश, दुसऱ्या खिशात पक्कड. तो या देशात नवीन आहे, हे तो वाक्यावाक्याला थांबून शब्द शोधत होता त्यावरून कळत होतं. त्याने माझ्या बॉनेटला कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा, आणि डोळे मिटून म्हणाला, “गातो चांगला.”

त्याला ‘चालतो चांगला’ म्हणायचं होतं की खरंच ‘गातो’ म्हणायचं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

काका प्रामाणिक होते. “हे बघा, वास काही जायचा नाही,” ते म्हणाले.

“कुठला वास?” त्याने विचारलं.

काकांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पटकन किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्यांना काय ठाऊक, की लहानपणीच्या एका तापात या माणसाचं नाक कायमचं गेलं होतं! त्याला फूल आणि फिनेल सारखंच. सगळ्या जगात मला आनंदाने जवळ करील असा तो एकच माणूस असावा, आणि तो नेमका माझ्याच नशिबी आला. असे मला मालक मिळाले.

मालकांचा त्यांच्या देशात छापखाना होता. तिथे छापखाने बंद पाडण्याचे दिवस आले, तेव्हा ते एक पेटी घेऊन निघाले. पेटीत कपडे असतील असं कुणालाही वाटेल. कपडे थोडेच होते. घड्याळ दुरुस्तीची हत्यारं, एक अकॉर्डियन, बुद्धिबळाचा पट, भिंगं, आणि मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक होतं. मालकीणबाई मागाहून येणार होत्या. त्यांच्या येण्याआधी काहीतरी धंदा मार्गी लावायचा, असं मालकांनी ठरवलं होतं. अडचण एवढीच, की ‘काहीतरी’ म्हणजे काय हे ठरत नव्हतं. या माणसाला कुठलंही काम बघितलं की ते आपल्याला आलंच पाहिजे असं वाटे. आणि ते आलं, की दुसरं दिसे.

पहिल्यांदा त्यांनी साबण केला. भाड्याच्या एका खोलीत मोठ्या पातेल्यात तो शिजवला, लाकडी साच्यांत ओतला, सुरीने कापला. गुलाबाचा, लिंबाचा, असे प्रकार. ज्याला वास येत नाही त्याने साबणाचा धंदा करू नये, हे त्यांना सांगणार कोण? मला बोलता येत नाही. दोनशे वड्या माझ्या पोटात दहा दिवस राहिल्या आणि मग दुकानांत गेल्या. चार दिवसांत सगळ्या परत आल्या. गुलाबाच्या साबणाने आंघोळ केलेल्या एका वकिलाच्या मागे भर रस्त्यात मांजर लागलं होतं म्हणे.

मालक हिरमुसून पायरीवर बसले होते, तेवढ्यात एक बाई आल्या आणि त्यांनी सगळाच्या सगळा साबण घेतला. त्यांच्या घरी नऊ मांजरं होती आणि एकही आंघोळीला तयार होत नव्हतं. “आता रांग लागते,” असं त्या पुढच्या आठवड्यात सांगून गेल्या. मालकांनी मात्र तेवढ्यात साबण सोडून अकॉर्डियनचा वर्ग काढला होता. वर्गात एकच विद्यार्थी, बोटीवरून निवृत्त झालेले एक कप्तान. त्यांना ऐकू जवळजवळ येत नसे. ते मनसोक्त वाजवायचे, मालक मनसोक्त मान हलवायचे, आणि दोघंही एकमेकांवर खूश होते. खालच्या मजल्यावरचे लोक तेवढे खूश नव्हते.

अशा धामधुमीत मालकीणबाई आल्या. बसच्या अड्ड्यावर मालक मला धुऊन-पुसून घेऊन गेले होते. बाई उंच, केस घट्ट बांधलेले. गावाकडे शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग नाकाला पदर लावावा तसा गळ्यातला रुमाल लावला.

“अहो, हे काय?”

“आपली गाडी.”

“मासे विकता?”

“छे!”

“मग काय विकता?”

मालकांनी जरा विचार केला. “अजून तसं ठरलेलं नाही.”

ही दोघं आपसात त्यांच्या मूळ भाषेत बोलत. ती मला आधी येत नव्हती, पण नवरा-बायकोचं बोलणं ऐकून कुठलीही भाषा लवकर येते. त्या दिवशी बाई पुढे बसल्या, काच पूर्ण खाली केली आणि एवढंच म्हणाल्या, “सोळा तासांचा प्रवास करून आले, म्हणून आज काही बोलत नाही.” बोलल्या नाहीत ते बरं झालं असं मालकांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. मी अकरा वर्षं मासळीबाजारात काढली आहेत. न बोलणाऱ्या बाईला सगळे विक्रेते का घाबरतात हे मला माहीत आहे.

बाईंच्या प्रमाणपत्राला इथे किंमत नव्हती. त्या कपडे धुण्याच्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला लागल्या. दिवसभर वाफेत उभं राहायचं. संध्याकाळी मालक त्यांना न्यायला जायचे तेव्हा त्या पुढे बसून बूट काढायच्या, पाय वर घ्यायच्या आणि हलक्या आवाजात पाढे म्हणायच्या. एकोणतिसाचा, सदतिसाचा. विसरू नयेत म्हणून.

आता ती प्रसिद्ध चूक सांगतो. मालकांनी शेवटी ठरवलं की आपल्याला दुरुस्ती उत्तम येते, तर दुरुस्तीचाच धंदा करायचा. घड्याळं, रेडिओ, खुर्च्या, कुलुपं, काय असेल ते, गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन दुरुस्त करायचं. त्यांनी निळा रंग आणला आणि एक अख्खा रविवार खपून माझ्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत पाटी रंगवली. अक्षरं सुरेख, छापखान्याचा हात होता. पण इथल्या भाषेत ‘वस्तू’ आणि ‘माणसं’ हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे आहेत. मध्ये एका छोट्या रेघेचा फरक. मालकांनी रेघ दिली नाही. त्यांना लिहायचं होतं, ‘जुन्या वस्तू दुरुस्त करून मिळतील.’ आणि लिहिलं गेलं, ‘जुनी माणसं दुरुस्त करून मिळतील. घरी येऊन. आधीपेक्षा चांगली चालतील.’

सोमवारी आम्ही मोठ्या ऐटीत निघालो. लोक बघून हसत होते. मालकही त्यांना हसून हात करत होते. “बघ, किती छान स्वागत होतंय,” ते मला म्हणाले.

पहिल्याच चौकात एका म्हाताऱ्या बाईंनी काठी आडवी धरून आम्हाला थांबवलं. त्यांची पूर्वी बेकरी होती. वय झाल्यावर ती त्यांनी पुतण्याला दिली होती. आम्ही पुढे त्यांना बेकरीवाल्या आजीच म्हणू लागलो.

“उजव्या गुडघ्यापासून सुरुवात करा,” आजी म्हणाल्या.

मालकांनी शब्दकोश काढला. ‘गुडघा’ सापडला. त्यांना वाटलं, आजींच्या खुर्चीचा किंवा टेबलाचा पाय म्हणायचा असेल. “चला, घरी बघू,” ते म्हणाले.

घरी गेल्यावर आजी खुर्चीत बसल्या आणि गुडघा पुढे केला. मालक खुर्चीखाली वाकून तिचे चारही पाय तपासू लागले. आजी म्हणाल्या, “अहो, वर बघा, वर!” बराच वेळ असा गोंधळ झाल्यावर आजींनी त्यांना खिडकीशी नेलं आणि खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवून पाटी मोठ्याने वाचली, एकेक शब्द फोडून. मालकांचे कान लाल झालेले मला रस्त्यावरून दिसले.

पण आल्यासारखं काही न करता परत जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आजींचं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं. कपाटाचं अडकणारं दार घासून दिलं. न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवली. मग आजी म्हणाल्या, चहा घ्या. मग म्हणाल्या, अकॉर्डियन येतं का? माझ्या काचेतून त्यांना ते पुढच्या सीटवर दिसलं होतं. मालकांनी ते वर नेलं. तासाभराने दोघंही खाली आली तेव्हा आजी काठी काखेत धरून चालत होत्या.

“गुडघा?” मालकांनी विचारलं.

“दुखतोय. पण आत्ता लक्षात नव्हता,” आजी म्हणाल्या. “आणि ती पाटी पुसलीत तर खबरदार.”

मालकीणबाईंनी संध्याकाळी पाटी वाचली. त्यांची इथली भाषा मालकांपेक्षा कितीतरी चांगली होती. त्या फुटपाथवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. “अहो, पण तुम्हाला कोण दुरुस्त करणार!” त्या म्हणाल्या. पाटी राहिली.

आणि धंदा चालला, मित्रांनो! शहरात जुन्या माणसांना काही तोटा नव्हता. कुणाचा नळ, कुणाचा चष्मा, कुणाचं कानातलं यंत्र. कुणाला दवाखान्यात सोडायचं, कुणाच्या मुलाला पत्र लिहायचं, कुणाबरोबर बुद्धिबळाचा एक डाव हरायचा. मालकांना येत नव्हतं असं एकही काम नव्हतं, आणि जे येत नव्हतं ते त्यांना शिकायचंच होतं. दातांची कवळी जोडायला ते दंतवैद्याकडून शिकले, केस कापायला न्हाव्याकडून. लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मधमाश्यांच्या चार पेट्याही ठेवल्या. त्या काळात माझं फार कौतुक झालं. लोक मला बघून हात करायचे. म्हाताऱ्या माणसांची नाकं जरा मंदावलेली असतात, तेही माझ्या पथ्यावर पडलं.

पण सरकारी कचेरीला हे सगळं समजावणार कसं?

राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. नव्या परवान्यासाठी एक अर्ज होता आणि अर्जात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे एक चौकोन होता, काडेपेटीएवढा. मालकांनी त्यात अकरा व्यवसाय लिहिले, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि बारावा समासात. अर्ज परत आला. ‘स्थिर असा एक व्यवसाय नमूद करावा. तपासनीस प्रत्यक्ष पाहणी करतील. एक व्यवसाय सिद्ध न झाल्यास परवाना वाढवता येणार नाही.’

पाहणीच्या आदल्या दुपारी बाईंना घेऊन आम्ही परत येत होतो. आता त्या लाँड्रीत नव्हत्या. तीन वर्षं इस्त्री करून, इथल्या सगळ्या परीक्षा नव्याने देऊन त्यांना महिन्यापूर्वीच शाळेत नोकरी लागली होती. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता आणि तो त्या पुसत नव्हत्या.

“अहो, उद्या त्या तपासनीस बाई येतील. त्यांना एकच धंदा सांगा.”

“कुठला सांगू?”

“कुठलाही. घड्याळजी म्हणा. सुतार म्हणा.”

“एक सांगितला तर बाकीच्यांवर अन्याय होतो गं.”

बाई एरवी चिडल्या असत्या. त्या दिवशी चिडल्या नाहीत. मांडीवरच्या वह्यांकडे बघत म्हणाल्या, “मला फळा मिळालाय. तीन वर्षांनी मिळालाय. तो सोडून मी परत जाणार नाही, आणि तुम्हाला सोडूनही इथे राहणार नाही. तेव्हा तुम्ही बघा.”

मालकांनी मला कडेला उभं केलं. मग म्हणाले, “घड्याळजी सांगतो. दिवसभर दुसऱ्या कशाला हात लावत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस बाई आल्या. राखी कोट, काखेत फाइल, चेहऱ्यावर शिक्का मारल्यासारखं गांभीर्य. पाटी वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. मग पुढे बसल्या, एक खोल श्वास घेतला आणि लगेच सोडून दिला.

“व्यवसाय?”

“घड्याळजी,” मालक म्हणाले. एवढंच. मला त्यांचा अभिमान वाटला.

पहिलं घर बेकरीवाल्या आजींचं. घड्याळच होतं, मालकांनी मुद्दाम निवडलं होतं. जिन्यात तपासनीस बाईंच्या बुटाची टाच निखळली. मालक दोन पायऱ्या पुढे गेले. थांबले. परत आले. “मी बघत नाही,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि बघता बघता बूट हातात घेऊन खिळा ठोकून मोकळे झाले.

“पाहणीच्या काळात मला कुठलाही लाभ घेता येत नाही,” तपासनीस बाई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या. “याची नोंद लाच म्हणून करावी लागेल.”

“मग परत मोडून देऊ?” मालकांनी अगदी मनापासून विचारलं.

बाईंनी जिन्याकडे बघितलं. तीन मजले चढायचे होते. त्यांनी बूट घातला.

हे सगळं मला मागाहून कळलं, कारण आजींनी ती गोष्ट पुढे शंभर वेळा सांगितली. वर गेल्यावर तपासनीस बाईंनी आजींना विचारलं, “हे गृहस्थ नक्की काय करतात?”

“येतात,” आजी म्हणाल्या.

“येऊन काय करतात?”

“ते आल्यावर ठरतं.”

तपासनीस बाईंनी काहीही लिहिलं नाही. मालक घड्याळात तोंड खुपसून बसले होते. आजी म्हणाल्या, आज अकॉर्डियन नाही का आणलं? मालक म्हणाले, मी घड्याळजी आहे. आजी म्हणाल्या, आज तुमची तब्येत बरी दिसत नाही.

दुसरं घर कप्तानांचं. तिथे घड्याळ नव्हतंच. कप्तानांनी ‘गोंधळ’ असा निरोप पाठवला होता आणि आमच्यापर्यंत तो ‘घड्याळ’ असा पोचला होता, कसा ते कुणास ठाऊक. त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावर मधमाश्यांची एक मोठी झुंड येऊन लोंबत होती, भोपळ्याएवढी. खाली शाळेची लहान मुलं जात-येत होती. मालकांनी एकदा माश्यांकडे बघितलं, एकदा फाइलकडे. फाइलमध्ये मालकीणबाईंचा फळा होता हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी कोट काढला, कप्तानांकडून एक खोकं मागितलं आणि पिसाने हळूहळू सगळी झुंड त्यात उतरवून घेतली. उघड्या हातांनी. मग खोकं माझ्या मागच्या डब्यात ठेवून म्हणाले, “झालं. आता मी पुन्हा घड्याळजी.”

पुढच्या वळणावर मी एका खड्ड्यात आपटलो. त्यात माझी चूक होती असं मी मानत नाही. रस्ता सरकारचा, खड्डा सरकारचा. खोक्याचं एक टोक उघडलं आणि सीटमागच्या जाळीतून पन्नासएक माश्या पुढे आल्या. त्यांतली एक तपासनीस बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

“हलू नका,” मालक म्हणाले. त्यांनी मला उभं केलं आणि सावकाश काच खाली घेतली. “त्या घर शोधताहेत. घर शोधणारं कुणी उगीच चावत नाही. उजेड दिसला की जातील. तोवर हळू आवाजात बोलत राहा. काहीही.”

तपासनीस बाईंना दुसरं काही सुचेना. त्यांनी अर्ज पाठ म्हणायला सुरुवात केली. “अर्जदाराचे नाव... अर्जदाराने या देशात प्रवेश केल्याचा दिनांक... अर्जदारावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती...”

“बायको,” मालक हळूच म्हणाले. “म्हणजे मीच तिच्यावर अवलंबून आहे. आजी, कप्तान, नऊ मांजरांवाल्या बाई. आणि हे.” त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर थाप मारली.

असा वीस मिनिटं अर्ज चालला. मालक एकेका प्रश्नाला खरं ते उत्तर देत होते. घड्याळजी ते पहिल्या पाच मिनिटांतच विसरले. छापखाना सांगितला, साबण सांगितला, इस्त्री सांगितली, खडू सांगितला. एकेक माशी उडून जात होती. नाकावरची सगळ्यात शेवटी गेली.

तपासनीस बाईंनी रुमालाने नाक पुसलं. मग पेन काढलं आणि त्या काडेपेटीएवढ्या चौकोनात काहीतरी लिहिलं. मालकांना विचारायचा धीर झाला नाही. पत्र आलं ते पंधरा दिवसांनी. मालकीणबाईंनी माझ्या बॉनेटवर ठेवूनच फोडलं. चौकोनात एकच शब्द होता : ‘घरपोच.’

“घरपोच काय?” मालक गोंधळले.

“पुढे जागा नसेल,” बाई म्हणाल्या. परवाना पाच वर्षांचा होता. बाईंनी पत्राची नीट घडी घातली, मग मालकांच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि मग पुन्हा, काही वाकडं नसताना, एकदा सरळ केली.

त्यानंतरची वर्षं भुर्रकन गेली. मालकांनी दुर्बीण बनवली, मातीची भांडी केली, उतारवयात पोहायला शिकले. मी मात्र गंजत गेलो. आणि एका सकाळी मालकांचा उजवा हात उठेना. झटका तसा सौम्य होता, डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, चालणं राहिलं. पण हात गेला. ज्या माणसाला दहा हात होते, त्याला एक उरला, आणि तोही डावा.

मी घरामागे उभा राहिलो. आठ महिने कुणी माझं दार उघडलं नाही. चाकांतली हवा गेली, आरशात कोळ्याने घर केलं, बॅटरी मेली. मालक खिडकीत बसलेले दिसायचे. ते पुस्तकसुद्धा उघडत नव्हते. मला खूप वाईट वाटायचं, पण टेम्पोने काय करावं?

मग एका रविवारी मालकीणबाई किल्ली घेऊन आल्या, आणि उजव्या-डाव्याचा विचार न करता सरळ चालकाच्या जागेवर बसल्या. वय त्रेसष्ट. आयुष्यात त्यांनी कधी सायकलही चालवली नव्हती. मेकॅनिक येऊन बॅटरी बदलून, चाकांत हवा भरून गेला होता.

“अहो, या इकडे,” त्यांनी खिडकीकडे बघून हाक मारली. “कुठलं पेडल कशाचं?”

मालक आले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच भराभर आले.

“क्लच किती दाबायचा?” बाईंनी विचारलं.

“मनाला वाटेल तेवढा.”

“मनाला वाटेल तेवढा हे माप नाही. इंचात सांगा.”

“अगं, पायाला कळतं ते.”

“माझ्या पायाला आकडे कळतात.”

मी तेव्हा किती आचके खाल्ले, ते माझ्या गिअरबॉक्सला विचारा. पण त्या आचक्यांत मालक हसू लागले, ओरडू लागले, डाव्या हाताने हवेत गिअर टाकू लागले. बाई पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, कारण गाडी लावायच्या कोनावरून त्यांनी परीक्षकाशी वाद घातला. कोन त्यांचाच बरोबर होता. दुसऱ्यांदा त्या एका कबुतराला रस्ता द्यायला चौकात चार मिनिटं थांबल्या. तिसऱ्यांदा पास झाल्या. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही पुन्हा निघू लागलो. मालक सांगायचे, बाई पेचकस फिरवायच्या. “किती फिरवू?” “मनाला...” “आकडा!” “साडेतीन वेळा.” नव्वदी गाठलेल्या आजी म्हणायच्या, तुम्ही दोघं या, काम नसलं तरी या.

दोन वर्षांपूर्वी माझी सरकारी तपासणी झाली. खालचा सांगाडा गंजाने पार खाल्ला होता. रस्त्यावर न्यायला मनाई. आता दुसरी, नवी, बिनवासाची गाडी आहे, ती गुरुवारी जाते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचं काय होतं सांगू? चालून चालून आम्ही झिजतो हे खरं, पण ते सावकाश. उभं राहून राहून आम्ही फार लवकर मरतो. तेल खाली बसतं, रबर वाळतं, बॅटरीत जीव राहत नाही. तुमच्या घरामागे, जिन्याखाली, कोपऱ्यात असं कुणी उभं असेल, तर आठवड्यातून एकदा, दहाच मिनिटं, त्याला सुरू करा. नुसतं पुसू नका, सुरू करा. धूर आला तर येऊ द्या. खोकला तर घाबरू नका.

मालकीणबाई हे नेमाने करतात. दर रविवारी नऊ वाजता पुढे बसतात, शेजारी मालक. घड्याळ लावून दहा मिनिटं इंजिन चालू, फाटकापर्यंत पुढे, मग मागे, मग बंद. नियम म्हणजे नियम. फाटकाबाहेर एक चाकही नाही.

गेल्या रविवारीही दहा मिनिटं झाली. आम्ही फाटकाशी होतो. मालक समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “कोपऱ्यापर्यंत?”

“मनाई आहे,” बाई म्हणाल्या.

“बरं.”

बाईंनी आरशात बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. क्लच बरोबर अडीच इंच दाबला.

“कोपऱ्यापर्यंतच हं,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.